जुनी लाकडाची शेगडी घरात बसवताना

जुनी बिडाची शेगडी हाताशी आली की बहुतेकांचं सगळं लक्ष तिच्यावरच खिळतं. गंज घासायचा, काळा रंग मारायचा, दाराची मूठ बदलायची. शेगडी हा या कामातला सोपा भाग आहे. घर उबदार होईल की धुराने भरेल हे धुरांडं ठरवतं, आणि घर सुरक्षित राहील की नाही हे शेगडीभोवती सोडलेली मोकळी जागा ठरवते. म्हणून कामाचा क्रम उलटा धरावा. आधी धुरांडं, मग जमीन आणि भिंती, मग जोडपाइप, म्हणजे शेगडी धुरांड्याला जोडणारा पाइप. शेगडी तपासून, दुरुस्त करून बाहेर तयार ठेवावी आणि शेवटी आत आणावी.

इथे शेगडी म्हणजे बंद दाराची, बिडाची किंवा जाड पोलादी पत्र्याची, हवेसाठी झडप असलेली आणि धूर पाइपने बाहेर नेणारी खोली तापवायची शेगडी. या लेखातली अंतरं मुख्यतः अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकातली आहेत. चाचणीची पाटी नसलेल्या जुन्या शेगड्यांसाठी त्यात स्पष्ट आकडे दिलेले आहेत, म्हणून ते आधाराला घेतले. तुमच्याकडचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. काही ठिकाणी प्रदूषणाच्या कारणाने जुनी शेगडी नव्याने बसवायलाच बंदी असते. ओरेगॉन राज्यात तर घर विकताना अशी शेगडी काढून टाकावी लागते. त्यामुळे परवानगी आणि घराच्या विम्याची अट या दोन गोष्टी शेगडी उचलून आणण्याआधी विचारून घ्याव्यात.

जुन्या शेगडीकडून अपेक्षाही नेमकी हवी. अमेरिकेत लाकडी शेगड्यांच्या धुरावर देशभराची पहिली मर्यादा १९८८ साली आली. त्याआधीच्या, विशेषतः १९७३ च्या तेलटंचाईनंतर खपलेल्या घट्ट दाराच्या पोलादी शेगड्यांत धूर पुन्हा जाळण्याची सोय नसते. लाकडातली साधारण निम्मी उष्णता खोलीत येते, उरलेली धुराबरोबर वर जाते. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४ किलोवॉट-तास उष्णता असते, म्हणजे खोलीला त्यातली २ मिळाली असं धरावं. पाच किलोची भरण तीन तासांत जळली तर सरासरी सव्वातीन किलोवॉटचा हीटर चालवल्यासारखं झालं. मध्यम खोलीला हे पुष्कळ आहे. गरजेपेक्षा मोठी शेगडी घेतली की माणूस झडप आवळून तिला मंद धुमसत ठेवतो आणि धुरांड्यातला बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. लहान शेगडी भरभरून जाळलेली केव्हाही चांगली.

शेगडी तपासणं

मागच्या बाजूला किंवा तळाशी धातूची पाटी आहे का ते आधी बघा. पाटीवर चाचणीसंस्थेचं नाव आणि भिंतीपासूनची अंतरं असतील तर तेच आकडे वापरायचे. पाटी नसेल, वाचता येत नसेल, तर शेगडी अप्रमाणित धरायची आणि पुढे दिलेली मोठी अंतरं सोडायची. मधला मार्ग नाही.

मग अंधाऱ्या खोलीत शेगडीच्या आत प्रखर बॅटरी पेटवून ठेवा, दार लावा आणि बाहेरून सगळे सांधे बघा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून हवा आत शिरणार. बिडाची शेगडी सुट्या पाट्यांची बनलेली असते आणि सांध्यांत भट्टीचं सिमेंट भरलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ते भुगा होऊन गळतं. दोन-चार जागी बारीक फटी असतील तर जुनं सिमेंट खरवडून, सांधा ओला करून नवं भरता येतं. चहूबाजूंनी उजेड दिसत असेल तर शेगडी पूर्ण उकलून पुन्हा बांधावी लागते. तेव्हा गंजलेले बोल्ट पिळून काढायचा हट्ट करू नये. पिळताना बिडाचा कान तुटतो आणि ती पाटी बाद होते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, नट तापवून बघा, तरी हलला नाही तर बोल्ट सरळ कापा आणि नवा घाला.

सांध्याची फट आणि पाटीतली चीर या वेगळ्या गोष्टी. आगपेटीच्या, म्हणजे जिथे लाकूड जळतं त्या भागाच्या, बिडाच्या पाटीत आरपार चीर असेल तर ती शेगडी घेऊ नये. बीड वेल्ड करायला सगळी पाटी सावकाश तापवून, निकेलच्या सळईने जोडून, तितकीच सावकाश निववावी लागते. एवढं करूनही सांध्याच्या शेजारी नवी चीर जाण्याची भीती राहतेच. पितळेची भरण आगपेटीला टिकत नाही. पोलादी शेगडीत चीर सहसा वेल्डच्या कडेला असते आणि ती जोडता येते, पण तिथे दुसरं काही बघायचं असतं. सरळ पट्टी वरच्या आणि बाजूच्या पत्र्यावर आडवी-उभी धरा. पट्टीखालून उजेड दिसेल इतका पत्रा वाकलेला असेल, किंवा पांढुरका-करडा होऊन खवले सुटत असतील, तर ती शेगडी लाल होईपर्यंत जाळलेली आहे.

आत वरच्या बाजूला धुराला वळसा घालायला लावणारी आडवी पाटी असते. ती लोंबलेली, भोक पडलेली किंवा चक्क गायब असते. ती नसेल तर ज्वाळा थेट पाइपात शिरते. पोलादी शेगडीत ६ मिमी जाडीच्या पत्र्याची नवी पाटी कापून बसवता येते. बिडाच्या शेगडीला मात्र मूळ मापाचा भाग शोधावा लागतो, आणि तो मिळतो की नाही हे शेगडी घेण्याआधीच बघावं.

तळाच्या आणि बाजूच्या विटा बहुधा ९ × ४½ × १¼ इंचांच्या असतात. नुसती तडा गेलेली वीट जागेवर घट्ट बसली असेल तर चालते. भुसभुशीत झालेली किंवा तुकडे निसटलेली वीट बदला. वीट दगड कापायच्या चकतीने कापता येते, मात्र धूळ फुफ्फुसाला घातक असते, म्हणून ओली कापावी आणि मास्क लावावा. विटांशिवाय शेगडी कधीही पेटवू नये, कारण त्यांच्यामागचा पत्रा तेवढ्या उष्णतेसाठी केलेलाच नसतो.

तळाची जाळी बघून शेगडी मुळात लाकडाची की कोळशाची ते ओळखा. कोळशाला हवा खालून लागते, म्हणून त्या शेगडीत पूर्ण तळभर हलती जाळी आणि खाली राखेचं मोठं खण असतं. लाकूड राखेच्या थरावर जळतं आणि त्याला हवा समोरून, वरून हवी. कोळशाच्या शेगडीत लाकूड जळतं, पण भसाभसा जळून जातं. लाकडाच्या शेगडीत कोळसा मात्र अजिबात घालू नये, तिच्या पाट्या वितळण्याइतक्या तापू शकतात.

दाराची दोरी, म्हणजे गॅस्केट, तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे दोरी दबलेली आहे. दाराच्या चारही बाजूंनी असं करा. नवी दोरी खाचेच्या मापाची हवी. जास्त जाड घेतली तर दार बसत नाही आणि बिजागरीवर ताण येतो. खाच साफ करा, उष्णता सोसणारा डिंक लावा, दोरी न ताणता बसवा, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून संपवा आणि दार लावून रात्रभर ठेवा. दोरी ताणून लावली की तापल्यावर आखडते आणि टोकांमध्ये फट पडते. जुन्या दोरीत आणि जुन्या उष्णतारोधक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे ती कोरडी खरवडू नये, तारेच्या ब्रशने तर मुळीच नको. पाणी मारून भिजवा, योग्य फिल्टरचा मास्क घाला आणि निघालेलं सगळं पिशवीत सीलबंद करा. काचेचं दार असेल तर त्याला सिरॅमिक काचच लागते. खिडकीची किंवा टफन्ड काच पहिल्याच मोठ्या जाळाला फुटते.

धुरांडं

धुरांडं म्हणजे नुसती धूर जायची वाट नव्हे, शेगडीला हवा ओढून देणारं ते यंत्र आहे. आतला गरम धूर हलका, बाहेरची हवा जड, या फरकातून ओढ तयार होते. पाच मीटर उंचीच्या धुरांड्यात सरासरी २०० अंश सेल्सियसचा धूर असेल आणि बाहेर ५ अंश असतील, तर हिशेबाने सुमारे २५ पास्कलची ओढ मिळते. धूर ८० अंशांवर आला की तीच ओढ १३ पास्कलवर येते. त्यातून वळणं आणि घर्षण वजा करायचं. युरोपीय चाचणीत शेगडीला साधारण १२ पास्कल ओढ धरलेली असते. म्हणजे धुरांडं गार ठेवून चालवलं की शेगडी काठावर येते. ओल्या लाकडाच्या शेगडीचं दार उघडल्यावर धूर खोलीत का येतो ते या दोन आकड्यांत आहे.

म्हणूनच धुरांडं घराच्या आतून वर गेलेलं उत्तम. बाहेरच्या भिंतीला लागून उभं केलेलं तीन बाजूंनी गार पडतं. शेगडीच्या धुराच्या तोंडापासून धुरांड्याच्या टोकापर्यंत किमान १५ फूट उंची मिळेल असं बघा.

छपरावर उंची किती, याचा नियम साधा आहे. छप्पर भेदून बाहेर येतं तिथल्या उंच बाजूपासून निदान ३ फूट वर, आणि आडव्या १० फुटांच्या आत असलेल्या कुठल्याही भागापेक्षा, मग तो आढ्याचा असो की शेजारच्या गच्चीचा, निदान २ फूट वर. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. धातूचं धुरांडं छपरावर ५ फुटांहून जास्त उंच निघालं तर त्याला छपराशी आधार द्यावा लागतो.

आधीचं विटांचं धुरांडं असेल तर वरून बॅटरी सोडून आतलं अस्तर बघा. मातीच्या नळ्या तडकलेल्या असतील, सांध्यांतलं मटेरियल गळलं असेल किंवा अस्तरच नसेल, तर स्टेनलेस स्टीलचा लाइनर आत सोडायचा. ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस चालतं. ॲल्युमिनियमचा लाइनर फक्त गॅससाठी असतो, लाकडाच्या धुराला तो टिकत नाही. लाइनरभोवती उष्णतारोधक गुंडाळणं हा खर्च वाचवायचा भाग नाही, धूर गरम राहतो तो त्यामुळेच. विटांच्या धुरांड्याच्या बाहेरून घराचे वासे आणि तुळया किती दूर आहेत तेही बघा. घराच्या आतल्या धुरांड्याला २ इंच आणि बाहेरच्या भिंतीवरच्या धुरांड्याला १ इंच मोकळी फट हवी. ती फट चुन्याने किंवा लोकरीने भरायची नाही.

आता आकार. धुरांड्याचं आतलं क्षेत्रफळ शेगडीच्या धुराच्या तोंडापेक्षा कमी नको, आणि तिपटीहून जास्तही नको. धुरांड्याची एखादी बाजू बाहेर उघडी असेल तर दुपटीहून जास्त नको. सहा इंची गोल तोंडाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच. म्हणजे आतल्या धुरांड्याला ८५ पर्यंत आणि बाहेरच्याला ५६ पर्यंत जागा चालेल. जुन्या उघड्या आगोटीचं धुरांडं आतून १२ × १२ इंच असतं, म्हणजे १४४. एवढ्या पोकळीत सहा इंची पाइपाचा धूर पसरतो, गार होतो आणि भिंतींना चिकटतो. अशा वेळी शेगडीच्या मापाचा लाइनर थेट टोकापर्यंत नेणं हाच उपाय आहे. शेगडी आगोटीच्या तोंडाशी ठेवून पाइप नुसता आत खुपसून देणं फार पाहायला मिळतं. ते करू नये. क्रिओसोट, म्हणजे न जळलेल्या धुराचा काळा चिकट थर, आगोटीच्या पोकळीत साठतो आणि साफ करायला शेगडी दरवेळी बाहेर ओढावी लागते.

उलटी चूकही होते. आठ इंची तोंडाच्या शेगडीला रिड्यूसर लावून सहा इंची पाइप जोडतात. ८ इंचांचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच, ६ चं २८. वाट जवळपास निम्मी झाली. दार लावलेलं असताना निभावेल, उघडलं की धूर तोंडावर येईल.

एका धुरांड्याला एकच शेगडी. गॅसचा गीझर किंवा बॉयलर त्याच धुरांड्यात जोडलेला असेल तर त्याचा विषारी वायू शेगडीतून खोलीत येऊ शकतो. घरातला मोठा एक्झॉस्ट पंखाही काही पास्कलची उलटी ओढ तयार करतो, आणि निखारे मंद झालेले असताना तेवढी पुरते. शेगडी असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, झोपायच्या खोलीजवळ एक आणि शेगडीच्या मजल्यावर एक. निजायच्या खोलीत शेगडी ठेवू नये.

भिंत, जमीन आणि दोरीची चाचणी

अप्रमाणित शेगडीच्या चारही बाजूंना आणि वर, जळू शकणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून ३६ इंच मोकळे सोडायचे. एकपदरी जोडपाइपला १८ इंच. प्लास्टर किंवा जिप्समच्या मागे लाकडी चौकट असेल तर ती भिंत जळाऊच धरायची. टाइल लावली म्हणून ती सुरक्षित होत नाही, कारण टाइल तापते आणि उष्णता सरळ मागे देते.

इतकं अंतर सोडायचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. ताजं लाकूड पेट घ्यायला सुमारे २५० अंश लागतात. तेच लाकूड वर्षानुवर्षं शंभरेक अंशांच्या आसपास तापत राहिलं तर आतून कोळशासारखं होत जातं आणि पेट घेण्याचं तापमान खाली येतं. दहा हिवाळे काही झालं नाही, म्हणून पुढचाही नीट जाईल, असं इथे धरता येत नाही. उलट धोका दर हिवाळ्याला वाढत असतो.

खोलीत ३६ इंच सोडायला जागा नसेल तर पत्र्याची ढाल बसवायची. २४ गेजचा पत्रा भिंतीपासून १ इंच पुढे, न जळणाऱ्या ठोकळ्यांवर, खाली आणि वर उघडा. खालून गार हवा शिरते, तापून वरून निघते आणि भिंत गार राहते. यामुळे ३६ इंचांचे १२ होतात. ठोकळे शेगडीच्या किंवा पाइपच्या बरोबर मागे येऊ देऊ नका, कारण स्क्रूमधून उष्णता थेट लाकडात जाते. पत्र्याची खालची कड जमिनीला टेकवली किंवा वर नक्षीची पट्टी लावून फट बंद केली, की ढालीचा उपयोग संपला. फटीशिवाय साडेतीन इंची विटांची भिंत उभारली तर ३६ चे फक्त २४ होतात. म्हणजे एवढ्या विटांपेक्षा एका पत्र्यामागची मोकळी हवा जास्त काम करते.

ढाल किती रुंद हवी हे अंदाजाने ठरवलं जातं आणि ती जवळजवळ नेहमी अपुरी पडते. ३६ इंच लांबीची दोरी शेगडीच्या कोपऱ्यावर धरा आणि ताणून भिंतीवर सगळीकडे फिरवा. जिथे जिथे दोरीचं टोक भिंतीला टेकतं, तिथपर्यंत ढाल हवी. हिशेब हवा असेल तर, शेगडी भिंतीपासून १२ इंचांवर असताना ढाल शेगडीच्या दोन्ही बाजूंना ३४ इंच पुढे जायला हवी. उंचीलाही तेच. शेगडी २८ इंच उंच असेल तर ढाल जमिनीपासून किमान ६२ इंचांपर्यंत, आणि एकपदरी पाइप भिंतीच्या १८ इंचांच्या आत असेल तिथवर त्याच्याही मागे.

जमिनीचा प्रश्न शेगडीच्या पायांच्या उंचीवर सुटतो. फरशी किंवा काँक्रीट थेट मातीवर असेल तर काही करायला नको. खाली लाकूड असेल आणि पाय ६ इंच किंवा जास्त असतील, तर २ इंच जाडीच्या विटांचा सलग थर आणि त्यावर २४ गेजचा पत्रा. पाय २ ते ६ इंचांचे असतील, तर ४ इंची पोकळ ब्लॉक, त्यांची भोकं एका रेषेत आणि टोकं उघडी ठेवून, म्हणजे हवा आरपार खेळेल, आणि त्यावर पत्रा. दोन इंचांहून कमी पायांची शेगडी लाकडी जमिनीवर ठेवायचीच नाही. हे आच्छादन शेगडीच्या चारही बाजूंना १८ इंच बाहेर यायला हवं. समोरची बाजू सर्वात महत्त्वाची, निखारा तिथेच पडतो.

वजनाकडेही बघा. मोठी बिडाची शेगडी दोनशे किलोंच्या घरात जाते, त्यात विटांचा चौथरा धरा. लाकडी जमीन असेल तर खालच्या तुळयांना आधार लागेल का ते आधी तपासून घ्यावं. उचलताना विटा, दारं, वरची झाकणं काढून घ्या. पायांवर ओढत नेऊ नका, बिडाचे पाय बाजूच्या जोराला टिकत नाहीत.

जोडपाइप

सहा इंची पाइप २४ गेजच्या काळ्या पोलादाचा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घरात वापरू नये, फार तापला की जस्त सुटून विषारी धूर होतो. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. काटकोनी वळणं जास्तीत जास्त दोन. आडवा भाग असेलच तर धुरांड्याकडे चढता, दर फुटाला पाव इंच.

पाइपचं चुणी घातलेलं, म्हणजे बारीक झालेलं टोक नेहमी शेगडीकडे, खाली तोंड करून. बघायला हे उलटं वाटतं, कारण धूर फटीतून बाहेर येईल असं मनात येतं. पण धुरांडं ओढत असताना सांध्यांतून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. वरून ओघळणारा काळा क्रिओसोट मात्र खाली वाहतो, आणि टोक उलटं असेल तर प्रत्येक सांध्यातून पाइपच्या बाहेर ओघळून जळका वास सोडतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, गोलाकार समान अंतरावर. शेगडीच्या तोंडाशी आणि धुरांड्याशी जोडतानाही तेच. धुरांड्यात आग लागली तर पाइप अक्षरशः थरथरतो आणि स्क्रू नसलेला सांधा सुटतो.

पाइप लाकडी भिंतीतून न्यायचा असेल तर त्याच्याभोवती १२ इंच विटांचं काम लागतं, किंवा चाचणी झालेला तयार उष्णतारोधक तुकडा घालावा. एकपदरी पाइप छतातून, माळ्यातून किंवा कपाटातून कधीच न्यायचा नाही. तिथून पुढे दुपदरी, उच्च तापमानाचं धुरांडं, आणि त्याच्याभोवती सहसा २ इंच मोकळी जागा. पाइपचं भोक भिंतीत किती उंच घ्यायचं तेही १८ इंचांच्या नियमाने ठरतं. सहा इंची पाइपचा मध्य छतापासून किमान २१ इंच खाली येतो.

पाइपमध्ये चकतीची झडप बसवावी असं माझं मत आहे. जुन्या, गळक्या शेगडीची हवा खालून पूर्ण बंद होत नाही, आणि आग हाताबाहेर जायला लागली तर तेवढाच एक लगाम उरतो. रोजच्या वापरात मात्र ती उघडीच असावी.

पहिले जाळ आणि लाकूड

सिमेंट भरलं असेल तर एक दिवस वाळू द्या. मग निदान तीन छोटे जाळ करायचे, प्रत्येक वेळी शेगडी पूर्ण निवू द्यायची. पहिल्यात फक्त काटक्या, हात लावून चटका बसेल इतपतच. दुसरा थोडा मोठा, तिसरा आणखी थोडा. सिमेंटमधलं पाणी एकदम वाफ झालं तर फोड येऊन ते गळतं आणि गार बीड एकदम तापवलं तर तडकतं. नव्या रंगाचा धूर येईल, खिडक्या उघड्या ठेवा.

एकपदरी पाइपवर, शेगडीपासून १८ इंच वर, चुंबकाचा थर्मामीटर लावा. पाइपचा पृष्ठभाग साधारण १२० ते २४५ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिला पाहिजे. त्याखाली धूर धुरांड्यात गोठून क्रिओसोट होतो, त्यावर शेगडी आणि पाइप जास्त तापतात.

लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल नको. मीटरचे काटे ओंडक्याच्या बाहेरच्या टोकाला टोचले तर खोटा दिलासा मिळतो. ओंडका नव्याने फोडा आणि आतल्या ताज्या भागावर मोजा. फोडलेलं लाकूड जमिनीपासून वर, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं रचलं तर हलक्या जातींना सहा महिने लागतात, कठीण लाकडाला वर्ष ते दोन वर्षं. पाच किलो लाकडात ४० टक्के ओल असेल तर त्यात दोन किलो पाणी आहे. त्याची वाफ करायला जवळपास दीड किलोवॉट-तास खर्च होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे जाळाचं तापमान उतरतं आणि न जळलेला धूर वर जातो. रंगवलेलं, कीडनाशक पाजलेलं लाकूड आणि प्लायवूड जाळायचं नाही.

पेटवताना मोठे ओंडके खाली, त्यावर बारीक, सगळ्यात वर ढलप्या आणि कागद, आणि काडी वरून लावायची. धुरांडं आधी तापतं, धूर कमी होतो. बाहेरच्या भिंतीवरचं धुरांडं गार पडलं असेल तर आधी कागदाचा एक बोळा पाइपच्या तोंडाशी जाळून ओढ सुरू करून घ्या. पहिली पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी. रात्री ठासून भरून झडप बंद करायची सवय जुन्या शेगड्यांना सर्वात जास्त भोवते. धुरांड्यातल्या बहुतेक आगी अशा रात्रींच्या साठ्यातून लागतात.

साफसफाई

धुरांड्यात काजळीचा थर ३ मिमी झाला की झाडायचं. डांबरासारखा चकचकीत थर दिसला तर जाडी न बघता तज्ज्ञाला बोलवा, तो ब्रशने निघत नाही. नव्या जोडणीच्या पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला आत बघा, म्हणजे तुमच्या लाकडाने आणि सवयीने किती साठतं ते कळेल.

धुरांड्यात आग लागली तर आगगाडी गेल्यासारखा घोंघाट येतो आणि पाइप लाल होतो. हवेच्या सगळ्या झडपा आणि दार बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. धुरांड्यात वरून पाणी ओतू नये, अस्तर फुटतं. आग विझल्यावर आतून तपासणी झाल्याशिवाय शेगडी पुन्हा पेटवायची नाही.

राख तळाशी इंचभर राहू द्यावी, तिच्यावर निखारे टिकतात. जास्तीची काढायची ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत. बादली घराबाहेर, दगडावर किंवा मातीवर ठेवायची, लाकडी ओट्यावर नाही. राखेखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. हिवाळा संपला की मात्र राख पूर्ण काढून टाका. ती हवेतली ओल शोषते आणि पावसाळ्यात तळाचा पत्रा गंजवते. पाइप उतरवून झाडा, दाराच्या दोरीला पुन्हा कागदाची पट्टी लावून बघा, आणि दार किलकिलं ठेवा म्हणजे आत हवा खेळेल.